धावताना कानात काय टिकतं?

रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हच्या कठड्याशी उभं राहून धावणाऱ्यांकडे बघायचं असेल, तर पायांऐवजी हातांकडे बघावं. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की इथली वर्दळ वाढते. तरुण, पन्नाशीतले, साठी ओलांडलेले, एकेकटे, घोळक्याने. आणि बहुतेकांच्या कानात काहीतरी असतं. दर थोड्या वेळाने कुणाचा तरी हात वर जातो, बोट कानातला बड आत ढकलतं, हात पुन्हा खाली येतो. कुणी धावता धावताच बड काढून टीशर्टला पुसतो आणि परत घालतो. मध्येच एखादीचा बड उडतो, पेव्हर ब्लॉकवर टणटण उड्या मारत जातो आणि मागून येणारे चार जण आपली चाल मोडून त्याला वाट करून देतात.

आत ढकललेला बड शे-दोनशे पावलं टिकतो. मग तो पुन्हा सैल होतो आणि दुसऱ्या खेपेला आणखी जोरात ढकलला जातो. तासाभरात कान ठणकायला लागतो आणि बड मात्र सैल तो सैलच. मग दुकानात जाऊन आधीपेक्षा महाग जोडी घेतली जाते. तीही पडते. पकड दाबातून येते, असं धरून चालल्याचा हा परिणाम. कानात वस्तू टिकते ती टेकूमुळे. तिला बाहेरच्या कानात दोन-तीन ठिकाणी टेकायला जागा मिळाली, तर नळीत अगदी हलका स्पर्श असला तरी भागतं. ती जागा मिळाली नाही, तर कितीही दाबा.

कानाची रचना

बाहेरून दिसणारा कान कूर्चेचा असतो. आरशासमोर उभं राहून बोटाने चाचपलं, तर बडच्या कामाच्या जागा पटकन सापडतात. मधोमध खोलगट वाटी. तिच्या पुढे, गालाच्या बाजूला एक छोटा उंचवटा. गोंगाट नको झाला की आपण तोच दाबून कान बंद करतो. त्याच्या समोर, पाळीच्या जरा वर, दुसरा उंचवटा. या दोन उंचवट्यांमध्ये एक खाच असते, तिच्यातून बडची दांडी किंवा वायर खाली उतरते. आणि वरच्या अंगाला, वाटीच्या कडेने जाणारी कूर्चेची घडी. बडचा सगळा भरवसा या जागांवर. काहींची वाटी उथळ असते, काहींचा पाळीवरचा उंचवटा नावापुरता असतो, काहींची खाच रुंद असते. दोघांनी एकाच कंपनीचा एकच बड घेतला आणि एकाच्या कानात तो दोन तास हलला नाही, दुसऱ्याच्या कानातून कोपऱ्यावर पोचेपर्यंत गळला, याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

वाटीच्या तळाशी नळी सुरू होते. प्रौढ माणसात ती साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि सरळ नसते, किंचित नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला उरलेला हाडाचा. मळ तयार होतो तो बाहेरच्या भागात. हाडावरची त्वचा फारच पातळ आणि हळवी असते, म्हणून काहीही जास्त आत गेलं की माणूस कळवळतो. या नळीच्या कातडीला मेंदूकडून निघून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूची छोटी फांदी येते. त्यामुळे काही लोकांना कानात बड घातला की चक्क खोकला येतो. त्यांना ॲलर्जी वगैरे काही नसते, त्यांची ती फांदी जरा जास्त जागी असते.

जबड्याचा सांधा या नळीच्या अगदी पुढ्यात आहे. करंगळी कानाच्या तोंडाशी हलकी ठेवून तोंड उघडून मिटलं, की नळीची भिंत सरकताना बोटाला जाणवते. धावणारा माणूस तोंडाने श्वास घेतो, पाण्याचा घोट घेतो, जेलचं पाकीट दाताने फाडतो, सोबत्याशी दोन शब्द बोलतो. प्रत्येक वेळी नळीचा आकार थोडा बदलतो. कानातला सुटलेला मळ हळूहळू बाहेर सरकण्याच्या कामात जबड्याची ही हालचाल हातभार लावते. म्हणजे आत आलेली वस्तू बाहेर घालवण्याची सोय शरीरात आधीपासून आहे. बड आपण नेमका त्या सोयीच्या वाटेत बसवतो.

त्यात दोन्ही कान सारखे असतील याची खात्री नाही. डाव्याला मधल्या मापाचं रबर आणि उजव्याला लहान, ही गोष्ट अगदी नेहमीची आहे, पण पाकिटातून दोन्ही बड एकाच मापाचं रबर लावून निघतात आणि बरेच जण ते जन्मभर तसेच वापरतात. वयाचाही संबंध आहे. इंग्लंडमधल्या जेम्स हीथकोट या डॉक्टरांनी १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या नाताळ अंकात एक गमतीदार पण रीतसर पाहणी छापली होती. तिशी ओलांडलेल्या दोनशेहून अधिक रुग्णांचे कान मोजून त्यांनी निष्कर्ष काढला, की कानाची लांबी वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटरने वाढते. पंचविशीत बसलेली जोडी पन्नाशीत तशीच बसेल, असं गृहीत धरू नये.

तासाला दहा हजार धक्के

हौशी धावपटूची पावलं मिनिटाला साधारण १६० ते १८० पडतात. तासाचा हिशोब दहा हजारांच्या आसपास जातो. प्रत्येक पावलाला शरीर सहा ते दहा सेंटिमीटर वर उचललं जातं आणि खाली येतं. पाय टेकतो तेव्हा जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट असतो. गुडघा, कंबर, मणका यांतून जाताना त्याची धार बोथट होते, पण उरलेला झटका डोक्यापर्यंत पोचतोच.

चार-पाच ग्रॅमच्या बडला एवढ्याने काय होणार, असं वाटतं. प्रश्न वजनापेक्षा ते वजन कुठे आहे याचा आहे. बॅटरी, चिप आणि स्पीकर यांचा गठ्ठा जर नळीच्या तोंडापासून दूर, बाहेर लोंबत असेल, तर प्रत्येक धक्क्याला तो नळीतल्या रबरावर तरफेसारखा काम करतो. भिंतीत अर्धाच ठोकलेल्या खिळ्याला पिशवी अडकवली की खिळा जसा वरखाली हलून भोक मोठं करतो, तसं. तोच गठ्ठा वाटीत चपखल बसला, मागे कूर्चेला आणि पुढे उंचवट्याला टेकला, तर धक्का रबरापर्यंत जातच नाही. तो बाहेरच्या कानात जिरतो. म्हणून बडचं वजन पाकिटावर वाचण्यापेक्षा तो कानात घालून बाजूने फोटो काढावा. तो कानाच्या पातळीच्या बाहेर किती डोकावतो, यावरून बराच अंदाज येतो.

दुसरा शत्रू घाम. सिलिकॉनचं रबर कोरड्या कातडीवर छान चिकटतं आणि ओल्या कातडीवर तितक्याच सहज घसरतं. मुंबईत, कोकणपट्टीत, गोव्यात हवेतच इतकी ओल असते, की घाम वाळतच नाही. पहिल्या दोन किलोमीटरलाच कान निथळतो. पुण्यात हिवाळ्यात वेताळ टेकडीवर जो बड तासभर टिकतो, तोच मे महिन्यात दादरला दगा देतो. ऑफिसात किंवा लोकलमध्ये बसून केलेली चाचणी म्हणूनच फसवी. कान ओला असताना काय होतं, ते पाहिलं पाहिजे.

डोक्यावरून कानात

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. त्याच्यासोबतचा हेडफोन जेमतेम ५० ग्रॅमचा होता. तोवरचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे असत. स्पंजच्या दोन गाद्या आणि डोक्यावरून जाणारी पत्र्याची बारीक पट्टी. धावणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात एक मोठी गोष्ट होती. पकड डोक्याची होती, कानाला काहीही धरून ठेवावं लागत नव्हतं. गाद्या कानावर नुसत्या टेकलेल्या, त्यामुळे बाहेरचा आवाजही आत येत असे. त्या पिढीतले लोक हेडफोन पडण्याची तक्रार फारशी करत नाहीत. त्यांची तक्रार कमरेवर आपटणाऱ्या वॉकमनची आणि धावताना कापऱ्या आवाजात गाणाऱ्या कॅसेटची.

नळीच्या आत शिरणाऱ्या इअरफोनचा उगम खेळात नाही. श्रवणविज्ञानातून आलेल्या एटिमोटिक या अमेरिकन कंपनीने १९९१ साली ‘ईआर-४’ हा नळीत खोल बसणारा इअरफोन आणला. १९९५च्या सुमारास ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ढोलकियासाठी कानाचा साचा घेऊन मंचावर वापरायचे इअरफोन घडवले. दोन्हींचा उद्देश एकच, बाहेरचा आवाज बाहेर ठेवणं. वापरणारा खुर्चीत बसलेला किंवा मंचावर एका जागी असायचा.

२००१ साली आयपॉड आला आणि त्याच्यासोबत वाटीत नुसता ठेवायचा, रबर नसलेला पांढरा इअरफोन घरोघर गेला. २०१६ साली ॲपलने वायर कापली. एअरपॉड्स त्या वर्षीच्या डिसेंबरात दुकानांत आले. वायर गेल्याने तिची ओढ गेली, ही धावणाऱ्यांची सोय झाली. पण तोवर इअरफोन सुटला तर वायरीला लोंबकळत राहत असे. आता तो सुटला की थेट गटारात. शिवाय बॅटरी कानात आल्याने कानावरचं ओझं वाढलं. मंचासाठी, विमानप्रवासासाठी, खुर्चीसाठी घडलेल्या वस्तू आपण दहा हजार धक्के सोसायला नेतो. आज दुकानात ‘स्पोर्ट्स’ म्हणून मिळणारे पंख, हुक, क्लिपा हे सगळे त्या मूळ आकाराला नंतर लावलेले टेकू आहेत.

रबराची पुडी

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इअरफोनचं रबर हा सुटा माल आहे. काउंटरवर खणाखणांची प्लास्टिकची डबी असते, तिच्यात काळी, पांढरी, करडी रबरं मापाप्रमाणे टाकलेली. गिऱ्हाईक बड पुढे करतं, दुकानदार त्याचा तोटा नखाने चाचपतो, एक रबर उलटं करून त्यावर चढवतो आणि पुन्हा सुलटं करतो. त्या छोट्या हालचालीत एक माहिती दडलेली असते. रबराला दोन मापं असतात, एक कानाच्या नळीचं आणि दुसरं बडच्या तोट्याचं. तोट्याचं माप चुकलं, तर रबर बडवरून निघून कानातच राहतं. तसं झालं तर चिमटा, काडी, हेअरपिन घेऊन ते उकरू नये; ते आणखी आत जातं. सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.

माप निवडताना बहुतेक जण मोठ्याकडे झुकतात, कारण मोठं रबर घट्ट वाटतं. खरं तर जरा मोठं झालेलं रबर नळीत पुरतं शिरत नाही, तोंडाशी चुरगळून बसतं आणि कूर्चा त्याला हळूहळू बाहेर लोटते. फार लहान रबर आत घसरतं आणि हलतं. योग्य रबर घातल्यावर दोन गोष्टी होतात. बाहेरचा आवाज एकदम दबतो आणि मिनिटभरात कानात काही आहे याचा विसर पडतो. विसर पडला नाही, तर माप चुकलंय. फोममध्येही रबर मिळतं. बोटांनी चेपून घातलं की ते नळीच्या आकारात फुगतं, घसरत कमी, टोचत कमी. पण घाम पितं, धुता नीट येत नाही आणि काही महिन्यांत मरतं. फोम रोज वापरणाऱ्याने तो खर्च महिन्याच्या हिशोबात धरावा.

घालायची रीतही शिकण्यासारखी आहे. उजव्या कानात बड घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढावा. प्रौढांची नळी त्यामुळे सरळ होते. कान तपासताना डॉक्टरही असाच कान ओढतात. तोंड थोडं उघडं ठेवून बड आत न्यावा आणि मग, ढकलण्याऐवजी, मागच्या बाजूला किंचित फिरवावा. या फिरवण्यात बडचं पोट वाटीच्या मागच्या कडेखाली सरकतं आणि अडकतं. टेकू मिळतो तो इथे. काढताना उलटा फिरवून सावकाश काढावा. झटक्याने ओढला तर बंद नळीतली हवा खेचली जाते आणि पडद्याला त्रास होतो.

मग चाचणी. तोंड पूर्ण उघडून मिटायचं, मान जोरात दोन्हीकडे वळवायची, जागच्या जागी वीस-पंचवीस उड्या मारायच्या. त्यानंतर कानाला पाणी लावून पुन्हा तेच. जिना चढ-उतरून आलात तर आणखी चांगलं. या सगळ्यात हात एकदाही कानाकडे गेला नाही, तर जोडी धावायच्या लायकीची.

पंख, हुक, नेकबँड आणि बुगडी

बडला जोडलेला सिलिकॉनचा वाकडा पंख वाटीच्या वरच्या घडीखाली अडकतो. वजन कमी आणि टेकू चांगला, पण घडी हळवी असेल तर तिथल्या कूर्चेवर एकाच बिंदूला दाब येतो आणि तासाभराने झोंबायला लागतं. अशा वेळी पंखाचं एक माप कमी करून पाहावं. बड काढून टाकायची घाई नको. कानामागून जाणारा हुक हा सगळ्यात खात्रीचा टेकू. तो बडचं ओझं नळीवरून उचलून कानाच्या मुळावर देतो, म्हणून त्याच्यासोबत रबर एक माप लहान चालतं. लांब पल्ल्याच्या धावण्यात ही गोष्ट फार मोलाची ठरते.

हुकाचं भांडण कानामागच्या इतर रहिवाशांशी असतं. चष्म्याची दांडी तिथेच बसते. आधी हुक आणि त्यावरून दांडी, हा क्रम बहुतेकांना मानवतो. उलट केलं की धावताना चष्मा उचलला जातो. टोपीचा पट्टा कानाच्या वरून न्यावा. बुगडी घालणाऱ्या बायकांना आणि भिकबाळी घालणाऱ्या पुरुषांना दागिन्याची मागची बाजू हुकाखाली घासते, घामाने ती जागा सोलवटते. क्लिपसारखे कानाच्या कडेला लावायचे नवे प्रकार तर बाळ्या आणि वेल यांच्याच जागेवर हक्क सांगतात. हे असे बारकावे पाकिटावरच्या चित्रात नसतात. नेहमी घालायचे दागिने अंगावर ठेवूनच दुकानात जावं आणि दुकानदाराने करून दाखवण्याआधी आपण स्वतः घालून पाहावं.

आपल्याकडे नेकबँडचा वापर भरपूर आहे आणि त्यामागे समजूतदारपणा आहे. बॅटरी मानेवर, कानात फक्त स्पीकर. बड निसटला तरी हरवत नाही. त्याची खोड वेगळी. घामाने वायर मानेला चिकटते आणि मागून येणारी रिक्षा पाहायला उजवीकडे मान वळवली की डाव्या कानातला बड सटकतो. उपाय सोपा आहे. पट्टा कॉलरच्या वर न ठेवता टीशर्टच्या आत घ्यावा आणि दोन्ही बाजूंना वायर थोडी ढिली सोडून ती कानाच्या वरून, मागच्या बाजूने फिरवून घ्यावी. वायर कानावरून गेली की तिची ओढ बडपर्यंत पोचत नाही आणि वायर कपड्याला घासल्याची खरखरही कमी होते.

बायकांचे कान सरासरीने लहान असतात, नळीही अरुंद असते. पाकिटात तीनच मापं असली तर त्यातलं सगळ्यात लहानही त्यांना मोठं पडू शकतं. त्याहून लहान रबर सुटं मिळतं. कशानेच जमलं नाही, तर श्रवणयंत्र बसवून देणारे श्रवणतज्ज्ञ कानाचा साचा घेऊन तंतोतंत मापाचं आवरण करून देऊ शकतात. श्रवणयंत्रासाठी हे काम शहरोशहरी रोज चालतं. साचा घेताना तोंड उघडं ठेवायला सांगावं, कारण धावताना तोंड उघडंच असणार आहे.

धप, धप, धप

बड नीट बसला की एक नवी तक्रार सुरू होते. स्वतःची पावलं डोक्यात घणासारखी वाजतात, श्वास भात्यासारखा ऐकू येतो. नळीच्या कूर्चेच्या भागात शरीराची कंपनं हवेत उतरतात. नळी उघडी असताना हा घनगंभीर आवाज बाहेर निघून जातो. बंद केली की तो आतच कोंडतो. म्हणजे रबर जितकं चपखल, तितकं पाऊल मोठं. बरेच जण हा धपधपाट झाकायला गाण्याचा आवाज वाढवतात.

दुसरीकडे, रबर सैल असलं की खालच्या पट्टीतले सूर, ढोलकी, बास, नळीतून गळून जातात. गाणं पातळ लागतं. त्यावरही माणूस आवाजच वाढवतो. बसवणूक चुकली की दोन्ही वाटांनी शेवटी बोट एकाच बटणावर जातं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी सुरक्षित श्रवणासाठी जो मापदंड ठरवला आहे, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीचे ४० तास ही मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. मॅरेथॉनची तयारी करणारा माणूस आठवड्याला सहा-सात तास रस्त्यावर असतो, आणि लोकलमधले, ऑफिसातले, झोपण्याआधीचे तास त्यात मिळवायचे राहिलेच. फोनमध्ये आवाजाची पातळी मोजायची सोय असेल तर आठवड्यातून एकदा ती पाहावी. धावून आल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखी वाटली, तर त्या दिवशीचा आवाज जास्त होता.

घाम, पाऊस आणि बुरशी

पाकिटावर ‘आयपीएक्स ४’ किंवा ‘आयपीएक्स ७’ लिहिलेलं असतं. त्यातल्या ‘एक्स’चा अर्थ इतकाच, की धुळीसाठीचा दर्जा दिलेला नाही. चार म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेलं पाणी सोसतं. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. धावण्याला चार पुरतं, आपल्या जुलै-ऑगस्टला पाच असलेलं बरं. पण ही चाचणी गोड्या पाण्याची असते आणि घाम खारट. बडवरच्या चार्जिंगच्या सोनेरी ठिपक्यांवर घाम वाळून हिरवट थर बसतो आणि एक दिवस एकच कान वाजेनासा होतो. धावून आल्याआल्या बड डबीत टाकणं हे त्याचं मुख्य कारण. ते आधी कोरड्या फडक्याने पुसावेत, उघड्यावर वाळू द्यावेत, मग डबीत. सिलिकॉनचं रबर काढून आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुवावं आणि पूर्ण वाळल्यावरच चढवावं. जाळीवरचा मळ मऊ, कोरड्या ब्रशने काढावा.

कानाचंही तेच. बंद, ओली, उबदार नळी बुरशीला आणि जिवाणूंना हवीच असते. पावसाळ्यात कानात खाज, ओल, दडा घेऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते ती याच कारणाने. खाज आली की आपल्याकडे दोन घरगुती उपाय हमखास निघतात, कापसाची काडी आणि कोमट तेल. काडीने मळ आत ठोकला जातो आणि नळीचं कातडं खरवडतं. तेलाने ओल टिकून राहते. डॉक्टर दोन्हींना नाही म्हणतात. मळ हा कानाचा आम्लधर्मी, जंतूंना रोखणारा थर आहे, घाण नव्हे. धावून आल्यावर टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान टिपावा आणि निदान तासभर कानात काही घालू नये. रोज धावणाऱ्याने आठवड्यातले एक-दोन दिवस कान मोकळे ठेवूनच धावावं. खाज, स्राव किंवा दुखणं सुरू असताना बड घालूच नये आणि आपला बड दुसऱ्याला देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना.

रस्ता काय म्हणतो

संगीताचा धावण्याला फायदा होतो, यात शंका राहिलेली नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कोस्तास कारागेऑर्गिस यांनी या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं आहे. हलक्या आणि मध्यम वेगात संगीत थकव्याची जाणीव कमी करतं. वेग अगदी टोकाला गेला की शरीराची ओरड गाण्यावर मात करते. इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने फेब्रुवारी १९९८मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियमच्या कर्ण्यावर ‘स्कॅटमॅन’ हे गाणं लावलेलं होतं आणि त्याच्या ठेक्यावर त्याने पावलं टाकली होती.

फायदा खरा असल्यामुळेच नियम आले. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत स्पर्धकाने शर्यतीत गाणी ऐकायचं उपकरण बाळगणं ही बाहेरची मदत मानली जाते. अमेरिकेत २००७ साली रस्त्यावरच्या शर्यतींतही बंदी आली. पुढे ती सैल करून विजेतेपदाच्या दावेदारांपुरती ठेवली गेली. त्याचा फटका २००९ साली मिल्वॉकीच्या लेकफ्रंट मॅरेथॉनमध्ये दिसला. आधी पहिली आलेली धावपटू पाण्याच्या बाटलीवरून बाद झाली आणि तिच्या जागी विजयी ठरलेली दुसरी आयपॉडवरून. ब्रिटनमध्ये जो रस्ता वाहनांना पूर्ण बंद केलेला नाही, त्यावरच्या शर्यतीत कान झाकणारे हेडफोन चालत नाहीत. गालाच्या हाडातून कंपनं पोचवणारे, नळी मोकळी ठेवणारे चालतात. आपण पाश्चात्त्य स्पर्धांच्या वेळापत्रकापासून जेलच्या पाकिटांपर्यंत सगळं आणलं. ब्रिटनचा हा साधा नियम आपल्या रस्त्यांना जास्त लागू आहे.

आपल्याकडचा सराव स्पर्धेच्या बंद रस्त्यावर होत नाही. तो होतो दुधाच्या टेम्पोसोबत, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकीसोबत, मागे लागणाऱ्या कुत्र्यासोबत. सातारच्या यवतेश्वर घाटात वळणावर गाडी दिसण्याआधी ऐकू येते. तिथे उत्तम बसणं, आवाज पूर्ण बंद करणं हीच बडची सगळ्यात वाईट बाजू. बाहेरचा आवाज माइकने आत घेणारी सोय बऱ्याच बडमध्ये असते, पण समुद्रावरच्या वाऱ्यात ती घोंघावते आणि तिने आलेला आवाज नेमका कुठून आला, हे नीट कळत नाही. एकच बड वापरायचा तर रस्त्याच्या बाजूचा कान मोकळा ठेवावा. त्याहून बरं म्हणजे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं डोळ्यांना दिसतील असं धावावं.

त्यामुळे दुकानात पाऊल ठेवताना ‘कुठला चांगला?’ हा प्रश्न अर्धा राहतो. ट्रेडमिलवर, स्टेडियमच्या ट्रॅकवर, सोसायटीच्या आवारात चपखल रबराचा बड घ्यावा आणि आवाज कमी ठेवावा. रहदारीच्या रस्त्यावर आणि घाटात हुक असलेला, नळी उघडी ठेवणारा प्रकार किंवा हाडातून ऐकवणारा. त्यात बास कमी मिळतो आणि तो कमीच मिळालेला बरा. टेकडीवर पहाटे एकट्याने जायचं असेल, तर बड खिशात. एवढं करूनही एखाद्या कानात काहीच टिकत नसेल, तर त्या कानाला नावं ठेवू नयेत. माणसाचा कान इअरफोन अडकवायला घडलेला नाही. त्याला न जुमानता बनवलेल्या वस्तूसाठी रोज दुखणं सोसण्यापेक्षा पैसे परत मागावेत.